पट्ट्यावरचं रफू

रफूताईंचं सगळं आयुष्य लोकांना काही दिसू नये म्हणून राबण्यात गेलं. आणि एकदाच, अख्ख्या आयुष्यात एकदाच, दिसायला हवं होतं, तेव्हा मेलं ते कुणाला दिसेना.

त्यांना खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते विजेच्या बिलापुरतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी रफूताई. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक, शालीला उंदरानं लावलेला दात, खुर्चीच्या खिळ्यानं मारलेली खोच, असलं काहीतरी घेऊन माणसं रडवेल्या चेहऱ्यानं लाँड्रीत येत. लाँड्रीवाला ते ठेवून घेई. ताई दर दोन दिवसांनी सायकलवरून येऊन गठ्ठा घरी नेत आणि झालेलं काम आणून देत. मग गिऱ्हाईक येई, कापड उलटंपालटं करून बघे आणि विचारी, "अहो, भोक कुठं होतं?" हीच ताईंची शाबासकी, आणि तीही त्यांच्या कानावर कधी पडत नसे, कारण त्या वेळी त्या घरी खिडकीशी एकट्या बसलेल्या असत.

"ताई, तुमचा धंदाच उफराटा," लाँड्रीवाला म्हणे. "काम जितकं चांगलं, तितकं ते केलंच नाही असं वाटतं. एक दिवस मी पैसेच द्यायचो नाही. म्हणेन, दाखवा काय केलंत ते!"

"नका देऊ. मी धागे परत ओढून घेईन," ताई म्हणत.

रफूचा एक नियम असतो, तो आधी सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं रामायण त्यावरून आहे. कापडाला बाहेरचा धागा चालत नाही. कितीही रंग जुळवा, उजेडात नेलं की चोर सापडतोच. म्हणून धागा त्याच कापडाचा काढायचा, आतल्या दुमडीतून, शिवणीच्या पोटातून, जिथं कुणी बघत नाही तिथून. मग उभे धागे भरायचे, त्यांतून आडवे विणायचे, आणि टोकं आत अशी जिरवायची की नखालाही लागू नयेत. हे सगळं ताईंना थोरल्या बहिणीनं शिकवलं. दोघी बहिणी एका खिडकीशी दोन खुर्च्यांवर बसत, दिवसभर तोंडं चालू आणि हातही चालू. पुढं बहीण गेली. तिची मुलगी ताईंच्याच हाताखाली वाढली, शिकली, आणि नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. ताईंनी लग्न केलं नव्हतं. खिडकीशी दुसरी खुर्ची तशीच राहिली. तिच्यावर ताई कपड्यांचे गठ्ठे रचून ठेवत, म्हणजे ती रिकामी दिसत नसे.

आता हेल्मेटकडे येतो. पिवळंधमक हेल्मेट. भाचीनं पाठवलं होतं.

"मावशी, पन्नाशी उलटून आठ वर्षं झाली तुला. हेल्मेटशिवाय सायकल काढलीस ना, तर माझ्याशी बोलू नकोस."

ताईंना पहिल्यांदा फार लाज वाटली. लाँड्रीवाल्यानं तर बघताच हात जोडले. "ताई, चंद्रावर निघालात की काय?"

"हो. तिकडे खड्डे फार आहेत म्हणे. बुजवायचं काम मिळेल."

पण घातलं हो त्यांनी. रोज घातलं. हनुवटीखाली खटका टच् करून लावल्याशिवाय पायडलवर पाय ठेवला नाही. भाची दर रविवारी सकाळी व्हिडिओवर फोन करी आणि जेवलीस का, झोपलीस का याच्याही आधी विचारी, "हेल्मेट कुठंय? दाखव." ताई खुर्ची थोडी बाजूला घेत. मागच्या खिळ्याला ते पिवळं प्रकरण लटकत असे. "शहाणी माझी मावशी," भाची म्हणे. आठवड्यातून एकदा कुणीतरी शहाणी म्हणावं, एवढ्यासाठीसुद्धा माणूस हेल्मेट घालील. घरी विचारणारं दुसरं कोण होतं?

एका मंगळवारी सकाळी ताई गठ्ठा घेऊन निघाल्या असताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या व्हॅनचं दार उघडलं. मागं न बघता, खाडकन. ताई दारावर आदळल्या आणि डोकं सरळ फूटपाथच्या कडेवर. पुढचं त्यांना तुकड्यातुकड्यानं आठवतं. आभाळ. कुणाचातरी मिशीवाला चेहरा. "मान हलवू नका, मान हलवू नका." मग हनुवटीखाली काहीतरी गार लागलं आणि कच्च असा आवाज झाला. रुग्णवाहिकेच्या माणसानं मानेला पट्टा बांधण्यासाठी हेल्मेटचा पट्टा कात्रीनं कापला होता. तशा अवस्थेतही ताईंच्या मनात पहिला विचार काय यावा? तर, बरं झालं, सरळ कापला. फाडला असता तर रफूला जड गेलं असतं. बघा माणसाची खोड!

हेल्मेट होतं म्हणून कवटी शाबूत राहिली. गळ्याजवळचं डावं हाड मोडलं, ते दीड महिन्यात सांधलं. पण डोकं आपटून आतली कुठलीशी नस दुखावली, आणि उजवा डोळा डाव्याचं ऐकेनासा झाला. एकाचे दोन दिसू लागले. दोन दारं, दोन कप, दोन सुया. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर पट्टी दिली. म्हणाले, एका डोळ्यानं एकच दिसेल. दिसत होतं खरं एकच, पण जवळ काय आणि लांब काय ते कळेना. चहा कपाच्या बाहेर पडे. दोरा सुईच्या अलीकडेच हवेत ओवला जाई. "सुधारेल का?" ताईंनी विचारलं. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. "वर्षभर बघू," म्हणाले, आणि दुसऱ्याच कागदाकडे बघू लागले.

दवाखान्यातून सोडताना सामानाची एक पिशवी हातात आली. चपला, किल्ल्या, आणि कापलेल्या पट्ट्याचं हेल्मेट.

भाचीला ताईंनी काय सांगितलं? "अगं, जरा घसरले. खरचटलंय." भाचीची नोकरी नवी, साहेब खडूस, खरं कळलं असतं तर पोरगी सगळं टाकून धावत आली असती. येऊ नये म्हणून लपवलं, आणि ती आली नाही म्हणून रोज संध्याकाळी वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे. एकट्या माणसाचं असंच असतं, स्वतःच दार लावायचं आणि कुणी वाजवत नाही म्हणून रुसायचं.

पाच आठवडे त्यांनी फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणून वेळ मारून नेली. सहाव्या आठवड्यात भाची म्हणाली, "मावशी, ते काही नाही. दुरुस्त करून घे. पंधरा दिवसांनी मला कॅमेरा लागलेला पाहिजे. आणि हेल्मेट दाखवायचं."

आली का पंचाईत? हेल्मेट पिशवीत, पट्ट्याचे दोन तुकडे. घरात फाटलेली वस्तू तशीच ठेवणं हे तसंही ताईंच्या रक्तात नव्हतं. त्यात रविवार. शिवाय मनात खोल आणखी एक गोष्ट होती, ती त्या स्वतःशीही मोठ्यानं बोलल्या नसत्या. हात अजून येतो का, ते बघायचं होतं.

त्यांनी पट्ट्याच्या लोंबत्या शेपटीतून धागे काढले. खटक्याबाहेर उरतो ना तो जास्तीचा पट्टा, त्यातून. नियम म्हणजे नियम. आणि सकाळचा उजेड आला की खिडकीशी बसायला लागल्या. पूर्वी हे तासाभराचं काम होतं. आता एक धागा घालायला अर्धा दिवस जाई. सुई पट्ट्यात जायच्याऐवजी बोटात जाई. घातलेला धागा चुकला की उसवायचा, परत घालायचा. दुपारी डोकं असं ठणके की भिंत धरून आडवं व्हावं लागे. अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी शेवटचं टोक जिरवलं आणि बोट फिरवलं. कुठंही काही लागलं नाही. असलं रफू बहिणीनंसुद्धा केलं नसतं. ताई हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. हे आपलं शेवटचं काम, हे त्यांना तेव्हाच कळलं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी उठून कप विसळले.

रविवारी त्यांनी डोळ्यावरची पट्टी काढून ठेवली आणि कॅमेरा लावला. मागं खिळ्याला, तड्याची बाजू भिंतीकडे करून, अखंड पट्ट्याचं पिवळं हेल्मेट. पट्टा तेवढा त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावर दोन भाच्या दिसत होत्या. दोघी हसत म्हणाल्या, "शहाणी माझी मावशी."

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो नुकसानभरपाईच्या कागदांत. व्हॅनवाल्याचा विमा होता. त्या कंपनीकडे दावा लावायचा, हे लाँड्रीवाल्यानंच डोक्यात घातलं. "ताई, हात तुमचा जगन्नाथ होता, आता डोळा गेला तर खाल काय?" रास्त होतं. मोफत सल्ला केंद्रातल्या एका वकीलबाईंनी अर्ज भरला. त्यात 'जवळचे नातेवाईक' असा एक रकाना होता, आणि त्या रकान्यात लिहायला ताईंकडे एकच नाव होतं. वकीलबाईंनी विचारलं आणि ताई लिहायला सांगून बसल्या. त्या रकान्यातल्या माणसाला प्रत्येक कागदाची प्रत जाते, हे त्यांना काय माहीत!

कंपनीनं हेल्मेट मागितलं. ताईंनी ते फडक्यानं पुसून, चकचकीत करून, स्वतःच्या हातानं नेऊन दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पट्टा रफू केलाय, हे सांगायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. रफूवाली आपलं रफू दाखवत नाही. चाळीस वर्षं नाही दाखवलं.

कंपनीचं पत्र आलं. ताईंना ते वाचता आलं नाही, ओळीवर ओळ चढलेली. उद्या लाँड्रीवाल्याकडून वाचून घेऊ म्हणून त्यांनी ते मिठाच्या बरणीखाली ठेवलं. दुपारी फोन वाजला. वार गुरुवार, आणि फोन भाचीचा.

"मावशी, हे काय आहे?"

"काय गं?"

"माझ्याकडे कागद आलाय. डोक्याला मार, नस दुखावली, डोळा... मावशी, खरचटलं म्हणालीस ना तू?" पान उलटल्याचा आवाज आला. "आणि पुढं ऐक काय लिहिलंय. 'हेल्मेटच्या टरफलाला तडा असला तरी हनुवटीचा पट्टा पूर्णपणे अखंड आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा बांधलेला पट्टा रुग्णवाहिकेचे लोक कापूनच काढतात. यावरून अपघाताच्या वेळी हेल्मेट डोक्यावर बांधलेलं नव्हतं, ते हँडलला अडकवलेलं असावं असं दिसतं. दावेदारानं स्वतःच्या डोक्याची काळजी घेतली नाही. गळ्याच्या हाडाबद्दल वाद नाही, कारण हेल्मेटनं ते वाचलं नसतं. मात्र डोक्याच्या इजेत आणि तिच्यामुळं झालेल्या डोळ्याच्या नुकसानीत दावेदाराचा मोठा वाटा धरण्यात यावा.' मावशी, खरं सांग. घातलं होतंस?"

"घातलं होतं."

"मग पट्टा?"

"तो त्यांनी कापला. मी नंतर रफू केला."

मग भाची हळू म्हणाली, "एका डोळ्यानं? अर्जात तूच लिहिलंयस, की सुईत दोरा जात नाही."

"अगं, अकरा दिवस..."

"मावशी, त्या रविवारी मी पट्टा पाहिलाय. कॅमेऱ्यासमोर धरला होतास तू. त्यावर एक टाका नव्हता." ती रडत होती. "दर रविवारी मला दाखवायचीस. नुसतं दाखवायलाच होतं का ते?"

आणि फोन बंद झाला. त्या रविवारी तो वाजला नाही. पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ताई तरी कॅमेऱ्यासमोर खुर्ची ठेवून अकरा वाजेपर्यंत बसत. कंपनी खोटारडी म्हणाली ते त्यांनी गिळलं असतं. पण जगात एकच माणूस आपल्याला विचारणारं, आणि त्यालाही आपण खोटं वाटावं, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना.

वकीलबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "ताई, इकडे आड, तिकडे विहीर. रफू केलंय म्हणालात, की ते म्हणतील, बाईंना सुईचं काम व्यवस्थित जमतंय, मग डोळ्याची भरपाई कशाची? आणि नाही म्हणालात, तर हेल्मेट नव्हतं हे कबूल केल्यासारखं. रुग्णवाहिकेच्या लोकांना मी विचारलं. दिवसाला दहा जणांना उचलतात ते, कुणाला आठवत नाही. त्यांच्या कागदावर फक्त 'हेल्मेट सोबत' असं आहे, डोक्यावर होतं की हातात ते नाही. माझं ऐका. हेल्मेटचा मुद्दा सोडून द्या. कापतील थोडं, पण डोळ्याचं तरी पदरात पडेल. गप्प बसा."

"गप्प कशी बसू? मी घातलं होतं," ताई म्हणाल्या.

सुनावणी सकाळी अकराला होती. खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर घड्याळ, पाण्याचा जग. टेबलाच्या टोकाशी निकाल देणाऱ्या बाई, पिकलेल्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर कंपनीचा तपासनीस. माणूस सभ्य होता, उगाच आग पाखडणारा नव्हता. बावीस वर्षं तो अपघातातली हेल्मेटं तपासत होता आणि त्याला आपल्या नजरेचा अभिमान होता. त्यानं त्याच बनावटीचं एक नवं कोरं हेल्मेटही शेजारी आणून ठेवलं होतं. ताई एकट्या आल्या होत्या. लाँड्रीवाल्याची दुकानाची वेळ, आणि दुसऱ्या कुणाला सांगणार?

तपासनीसानं आपलं म्हणणं मांडलं. बाईंनी ताईंकडे बघितलं. वकीलबाईंनी टेबलाखालून ताईंचा गुडघा दाबला. ताई उठून उभ्या राहिल्या.

"पट्टा कापलेला आहे. मी तो रफू केलाय."

"कुठं?" तपासनीसानं खिशातून भिंग काढलं. त्यानं पट्टा बोटांत धरून उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेला, ताणला. पाच मिनिटं गेली. "मॅडम, यात काही नाही." निकालवाल्या बाईंनी भिंग घेतलं. त्यांनाही काही दिसेना. वकीलबाईंनी बघितलं आणि खाली मान घातली.

"नव्या हेल्मेटच्या पट्ट्याची शेपटी बघा आणि माझी बघा," ताई म्हणाल्या. "माझी चार बोटं आखूड आहे. धागे तिथून काढलेत."

"लोक कापून टाकतात जास्तीचा पट्टा," तपासनीस म्हणाला. तेही खरंच होतं.

"मग मला उसवू द्या."

"ताई, नको!" वकीलबाई कुजबुजल्या. निकालवाल्या बाईंनी चष्मा वर सरकवला, दोन क्षण विचार केला, आधी पट्ट्याचे फोटो काढायला लावले, आणि म्हणाल्या, "उसवा."

ताईंनी पर्समधून सुई काढली. पट्टा हातात घेतला. आणि गंमत बघा, त्यांनाही सापडेना! डोळ्यानं तर प्रश्नच नव्हता. बोट फिरवलं, नख फिरवलं. कपाळाला घाम आला. चाळीस वर्षं ज्याला त्या शाबासकी मानत आल्या, ते आता गळफासासारखं वाटायला लागलं. तपासनीसानं नजर खाली वळवली, त्यालाच बिचाऱ्याला अवघडल्यासारखं झालं. तेव्हा ताईंनी चांगला डोळाही मिटून घेतला, आणि पट्टा ओठांवरून हळूहळू ओढला. बहीण असंच करायची. ओठांना जे कळतं ते बोटांना कळत नाही. खटक्याच्या वर दोन बोटांवर त्या थांबल्या.

"इथं."

मग उसवणं सुरू झालं, आणि ते बघवत नव्हतं. सुईचं टोक पट्ट्याच्या अलीकडेच टेकायचं. परत. पलीकडे जायचं. परत. एकदा ते अंगठ्यात घुसलं आणि पिवळ्या टरफलावर रक्ताचा ठिपका पडला. एकदा ताई पट्टा सोडून नुसत्या हवेतच टोचत राहिल्या, चार वेळा, पाच वेळा, आणि त्यांना ते कळलंच नाही. घड्याळाचा काटा बारावरून पुढं सरकला. पहिलं टोक वर यायला अर्धा तास लागला. पुढचे धागे त्यांनी दातांनी ओढले. लाज वाटत होती, फार लाज वाटत होती. कुणासमोर कधी उघडं न केलेलं काम त्या परक्या माणसांच्या टेबलावर उघडं करत होत्या, तेही असं धडपडत, आणि शेवटचं.

एकाएकी पट्टा दोन तुकडे होऊन टेबलावर पडला. दोन्ही कडा सरळ, कात्रीच्या.

तपासनीसानं तुकडे उचलले, भिंगाखाली धरले, आणि खाली ठेवले. "बावीस वर्षं पट्टे बघतोय मी," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "कुठं होतं ते मला अजून कळलं नाही." हे ऐकून ताईंचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी हे त्यांच्या तोंडावर म्हणत होतं.

"हे करायला किती वेळ लागला होता?" निकालवाल्या बाईंनी विचारलं.

"अकरा दिवस."

"घरात कुणी बघितलं? कुणी साक्षीला आहे?"

"नाही. घरी मी एकटीच असते."

"पण कशासाठी?" तपासनीस न राहवून म्हणाला. "नवा पट्टा दुकानात मिळतो की. इतके हाल कशासाठी करून घेतलेत?"

ताईंनी जरा विचार केला. "रविवारी भाची हेल्मेट बघते," त्या म्हणाल्या. "तिला काळजी वाटू नये म्हणून."

बाईंनी ते लिहून घेतलं. हेल्मेट आणि पट्ट्याचा तुकडा ताईंना परत मिळाला.

घरी येऊन त्यांनी ते खिळ्याला अडकवलं. पट्टा तसाच, एक टोक लोंबतंय, दुसरं खाली टेबलावर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या भिंतीवर फाटकी वस्तू राहिली. दुसऱ्या खुर्चीवर आता गठ्ठे नव्हते. ती रिकामी होती आणि रिकामीच दिसत होती. दोन रविवार आणखी गेले.

मग एका बुधवारी निकालाचं पाकीट आलं. ताईंनी ते न फोडताच मिठाच्या बरणीखाली ठेवलं, संध्याकाळी लाँड्रीवाल्याकडून वाचून घ्यायला. आणि फोन वाजला.

"मावशी," भाची म्हणाली. "माझ्याकडे प्रत आलीये. वाचू?"

"वाच."

भाची वाचत गेली. हेल्मेट डोक्यावर होतं आणि पट्टा बांधलेला होता, हे सिद्ध झालं आहे. इजेत दावेदाराचा कोणताही वाटा धरता येणार नाही. दावेदाराला तिचं कौशल्याचं काम यापुढं करता येणार नाही, हे सुनावणीत सर्वांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे, सबब पूर्ण भरपाई देण्यात यावी. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. "'इतके दिवस खर्चून पट्टा का जोडला असं विचारलं असता दावेदार म्हणाल्या, की रविवारी...'" पुढं तिला वाचता येईना. हुंदका दाबायचा ती प्रयत्न करत होती आणि तो दबत नव्हता. "मावशी, कॅमेरा लाव."

ताईंचा हात पट्टी काढायला डोळ्याकडे गेला, आणि परत खाली आला. पट्टीसकट त्यांनी कॅमेरा लावला. पडद्यावर एकच भाची दिसली, नाक लाल झालेली. ताईंनी खुर्ची बाजूला घेतली, म्हणजे खिळा दिसेल. भाची लोंबत्या पट्ट्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"हे आता शिवू नकोस हं," ती म्हणाली. "असंच राहू दे."

"शिवू कशी?" ताई म्हणाल्या. "येत नाही गं मला आता."

हे त्या डॉक्टरांना बोलल्या नव्हत्या, वकीलबाईंना बोलल्या नव्हत्या, त्या लांब टेबलापाशीही बोलल्या नव्हत्या. बोलल्या आणि लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. भाचीनं त्यांना गप्प केलं नाही, आणि फोनही ठेवला नाही.